काचेच्या शेगडीचा कागद मराठीत हवा

सिरॅमिकच्या शेगडीवर सांडणाऱ्या पदार्थांत सगळ्यांत घातक कोणता, असे विचारले तर बहुतेक जण तेलाचे, दुधाचे किंवा रश्श्याचे नाव घेतील. खरे उत्तर आहे गुळाचा पाक. दूध करपते, तेलाचा चिकट थर बसतो, आमटीचा पिवळा डाग उरतो; पण हे सारे शेगडी थंड झाल्यावर सावकाश निघते. पाक थंड होऊ दिला, तर तो निघताना काचेचाच पापुद्रा उचलून नेतो आणि तिथे पडलेला खड्डा पुन्हा कधी भरत नाही. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीत पाकातले चिरोटे आणि उन्हाळ्यात साखरआंबा करणाऱ्या घरांना ही एक गोष्ट इतर कशाच्याही आधी कळायला हवी. ती कळत नाही, कारण ती ज्या माहितीपत्रकात लिहिलेली असते ते बहुतेक वेळा इंग्रजीत असते, बारीक अक्षरात असते आणि खोक्याबरोबर माळ्यावर जाते.

ही शेगडी आता मोजक्या श्रीमंत घरांपुरती राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत ती ओट्यात बसवलेली असते. वसतिगृहाच्या खोलीत, नोकरीच्या गावी भाड्याने घेतलेल्या घरात आणि सिलिंडर अचानक संपला तर सोय म्हणून चाळीतल्या घरातही इंडक्शनच्या रूपात ती पोहोचली आहे. सरकारलाही ती हवी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गो इलेक्ट्रिक’ मोहिमेच्या प्रारंभी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी गॅसऐवजी विजेवरच्या स्वयंपाकाच्या उपकरणांना अनुदान का देऊ नये, असा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. २०२३ मध्ये केंद्राच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेडने देशभरात २० लाख इंडक्शन शेगड्या पोहोचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. शेगडी घरोघर जावी असे ज्यांना वाटते, त्यांनी ती वापरायची आणि पुसायची कशी हेही घरोघर पोहोचवले पाहिजे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक शेगडीबरोबर मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह लिहिलेला एक कागद सक्तीने यायला हवा. आणि तो शेगडी विकत घेणाऱ्यापेक्षाही ती रोज पुसणाऱ्या माणसासाठी लिहिलेला हवा.

हा आग्रह का, ते समजण्यासाठी ही काच काय आहे हे पाहावे लागते. १९५३ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग येथील काच कंपनीत, डोनाल्ड स्टूकी हे रसायनशास्त्रज्ञ काचेचा एक तुकडा भट्टीत तापवत होते. तापमान ६०० अंश सेल्सिअस ठेवायचे होते. भट्टीचे नियंत्रण बिघडले आणि ते ९०० अंशांवर गेले. काच वितळून भट्टी खराब झाली असणार, असे समजून त्यांनी दार उघडले, तर तुकड्याचा आकार जसाच्या तसा होता. फक्त तो पांढरा आणि अपारदर्शक झाला होता. चिमट्यातून निसटून तो जमिनीवर पडला, तरी फुटला नाही. काचेच्या पोटात अतिसूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. काच-सिरॅमिक या नव्या पदार्थाची सुरुवात त्या बिघडलेल्या भट्टीतून झाली.

पुढे लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांपासून असे काच-सिरॅमिक साधले गेले, ज्यातले स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात आणि त्यांच्याभोवतीची काच प्रसरण पावते. एकाचे आकसणे आणि दुसऱ्याचे फुगणे यांची बेरीज शून्याच्या जवळ येते. साधी काच एका जागी तापली आणि शेजारी गार राहिली की ताण येऊन तडकते. इथे ताणाला कारणच उरत नाही. जर्मनीतल्या माइन्ट्स शहरातील शॉट कंपनीने मोठ्या दुर्बिणींच्या आरशांसाठी वापरला जाणारा ‘झेरोडूर’ याच कुळातून घडवला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच तत्त्वावरची जेमतेम चार मिलिमीटर जाडीची पाटी स्वयंपाकघरात आणली. तापलेल्या पाटीवर थंड पाणी पडले तरी ती तडकत नाही. उष्णता आडवी फार पसरत नसल्यामुळे मधले वर्तुळ लालभडक असताना कडेचा भाग बराच कमी तापलेला असतो.

गुळाच्या पाकाचे कोडे इथेच सुटते. वितळलेली साखर तापलेल्या पृष्ठभागाला घट्ट धरते. शेगडी थंड होऊ लागते तसा पाक आकसतो, पण न आकसणे हाच या काचेचा गुण असल्यामुळे ती जागची हलत नाही. दोघांतली ओढ वाढत जाते आणि शेवटी काचेच्या वरच्या थराचा टवका निघतो. म्हणून पाकाचा नियम बाकी सगळ्या डागांच्या उलट आहे. तो सांडला की थांबायचे नाही. आच कमी करायची, भांडे उचलून बाजूला ठेवायचे, हातात जाड मोजा घालायचा आणि लोखंडी पात्याच्या खरवडणीने पाक गरम असतानाच तापलेल्या वर्तुळाबाहेर लोटायचा. प्लास्टिकचे उलथने इथे चालत नाही. ते स्वतःच वितळते. वितळलेली प्लास्टिकची पिशवी आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांनाही हाच नियम लागू आहे. पाक करायचाच असेल, तर भांडे खोल घ्यावे आणि आधी या काचेसाठी मिळणाऱ्या संरक्षक क्रीमचा पातळ थर द्यावा, म्हणजे सांडलेली साखर पृष्ठभागाला थेट धरत नाही.

बाकी डागांना घाई करू नये. शेगडी पूर्ण निवू द्यावी. करपलेले दूध किंवा वरण असेल तर खरवडणीचे पाते काचेला जवळजवळ टेकवून, सुमारे ३० अंशांच्या कोनात धरावे आणि सपाट सरकवावे. पात्याचा कोपरा रुतला तर चरा पडतो, आणि बोथट किंवा गंजलेले पाते काम करण्याऐवजी खुणा उमटवते. मग ओल्या फडक्यावर भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब घेऊन पुसावे. डाग चिवट असेल तर खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट काही मिनिटे ठेवून मऊ कापडाने फिरवावी. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबणाचा अंश पूर्ण काढून काच कोरडी करावी. हा शेवटचा टप्पा अनेक जण सोडतात. साबणाचा किंवा सफाईच्या क्रीमचा राहिलेला थर पुढच्या वेळी तापतो, भाजला जातो आणि काचेवर न निघणारा धुरकट पट्टा उमटवतो. मग तो पट्टा काढण्यासाठी आणखी जोरात घासणे सुरू होते.

पांढऱ्या गोल खुणा वेगळ्या. त्या बहुधा क्षारांच्या असतात. जिथे बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले जाते, तिथे पातेल्याचे ओले बूड शेगडीवर ठेवले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. साबण त्यांना हलवत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस थंड काचेवर लावून थोड्या वेळाने पुसला की ते विरघळतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे भांड्याचे बूड कोरडे करून मगच ते वर ठेवणे. करड्या, चकचकीत रेघा ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या बुडाच्या असतात. त्यांना अनेक जण चरे समजतात आणि शेगडी बाद झाली असे मानतात. प्रत्यक्षात तो भांड्यातून काचेवर उतरलेला धातू असतो आणि सिरॅमिकसाठी बनवलेल्या क्रीमने तो बराचसा निघतो. खरा चरा बोटाच्या नखाला लागतो. धातूची रेघ सहसा लागत नाही.

मराठी स्वयंपाकघराच्या चांगल्या सवयी नेमक्या इथे आडव्या येतात. पिढ्यान्‌पिढ्या भांडी राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासली गेली. आज त्यांची जागा तारेच्या घासणीने, हिरव्या खरखरीत स्क्रबरने आणि घासण्याच्या पावडरीने घेतली आहे. भांड्यांच्या साबणाच्या वडीतही घासण्यासाठी खनिजांची भुकटी मिसळलेली असते. स्टीलच्या कढईला या गोष्टी सोसतात, काचेला सोसत नाहीत. रात्री ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून तो धुण्याची पद्धत कडाप्प्यासाठी आणि ग्रॅनाइटसाठी उत्तम आहे. सुट्या इंडक्शनच्या खालच्या जाळीतून तेच पाणी आत गेले की शेगडीचा जीव जातो आणि माणसाचाही जाऊ शकतो. ती पुसण्याआधी प्लग काढायचा, पंखा थांबू द्यायचा आणि फडके घट्ट पिळून घ्यायचे. सपाट, मोकळी जागा दिसली की तिथेच कोथिंबीर किंवा बटाटे टाकण्याची सवयही सोडावी लागते. भाजीला चिकटलेल्या मातीत वाळूचे कण असतात. त्यांतली स्फटिकी सिलिका इतकी कठीण असते की तिच्यावरून पातेले ओढले की चरा पडलाच. पातेले उचलून ठेवायचे, ओढायचे नाही.

विकणाऱ्यांच्या तोंडी माहितीतही मोठे गोंधळ आहेत. सगळ्यांत मोठा गोंधळ काचेचाच. गॅसच्या शेगडीवर असते ती टफन्ड काच. ती साधी काच तापवून झटकन निववलेली असते आणि फुटली की तिचे बारीक तुकडे होतात. तिला काच-सिरॅमिकइतकी उष्णता सोसत नाही. दोन्ही काळ्या, दोन्ही चकचकीत, म्हणून दुकानात दोघींना एकच नाव मिळते. दुसरा गोंधळ इंडक्शन आणि इन्फ्रारेड यांचा. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि लोहचुंबक चिकटेल असे बूड स्वतः तापते. इन्फ्रारेडमध्ये तापलेली तार काचेतून उष्णता फेकते, त्यामुळे कुठलेही सपाट भांडे चालते, पण काच भयंकर तापते. इंडक्शनवर डाग पडू नयेत म्हणून भांड्याखाली कागद ठेवण्याची युक्ती काही घरांत चालते. फोडणीच्या तापमानाला तिथेही तो करपू शकतो. इन्फ्रारेडवर तर तो पेट घेईल. घर बदलले, शेगडी बदलली आणि युक्ती तीच राहिली, तर आग लागायला वेळ लागत नाही.

‘इंडक्शन तापतच नाही’ हे वाक्यही धोक्याचे आहे. काच स्वतः तापत नाही हे खरे, पण तापलेल्या भांड्याची उष्णता तिच्यात उतरते आणि भांडे काढल्यावर बराच वेळ राहते. लहान मुले असलेल्या घरात ही गोष्ट आधी सांगायला हवी. अनेक शेगड्यांवर बंद केल्यानंतरही इंग्रजी ‘एच’ अक्षर किंवा लाल दिवा दिसत राहतो, तो हीच सूचना देतो: काच अजून गरम आहे. हे अक्षर म्हणजे बिघाडाचा कोड आहे असे वाटून शेगडी दुरुस्तीला नेली जाते. आणि एक सूचना तर जीव वाचवणारी आहे. वरच्या फडताळातून बरणी किंवा खलबत्त्याचा दस्ता पडून पाटीला तडा गेला, तर तडा केसाएवढा बारीक असला तरी ती शेगडी वापरायची नाही. भिंतीवरचे बटण बंद करायचे. तड्यातून पाणी किंवा दूध आतल्या विजेपर्यंत पोहोचू शकते आणि ओल्या हाताला झटका बसू शकतो.

आता प्रश्न असा, की हे सगळे कोणाला माहीत असायला हवे? शेगडी निवडतो एक, पैसे देतो दुसरा आणि पुसतो तिसराच. शहरातल्या असंख्य घरांत ती पुसणारी व्यक्ती म्हणजे घरकामाला येणाऱ्या मावशी. सकाळी चार-पाच घरे उरकायची असतात. एका घरात गॅसची शेगडी, दुसऱ्यात इंडक्शन, तिसऱ्यात ओट्यात बसवलेला हॉब. प्रत्येक घरात हाताला मिळते ती एकच घासणी. काचेवर चरे पडले की बोलणी त्यांना बसतात, कधी पगारातून पैसे कापले जातात. त्यांना कोणी काही सांगितलेले नसते आणि सांगणाऱ्याने स्वतःही काही वाचलेले नसते. ही बेफिकिरी नव्हे, माहिती न देण्याचा परिणाम आहे, आणि त्याची किंमत सगळ्यांत कमी मिळकत असलेल्या माणसाने चुकवावी हे अन्यायाचे आहे.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाही याचा फटका बसतो. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरात सिरॅमिकची शेगडी आधीच बसवलेली असते. घर सोडताना मालक किंवा एजन्सी काचेची तपासणी करते आणि खड्डे, चरे दिसले तर अनामत रकमेतून पैसे कापू शकते. तिकडे पात्याची खरवडणी आणि क्रीम सुपरमार्केटच्या फळीवर मिळते, शेजारी सांगतात, आणि मुख्य म्हणजे पुस्तिका त्यांच्या भाषेत असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या लो व्होल्टेज डायरेक्टिव्हनुसार विजेच्या उपकरणांबरोबरच्या सूचना आणि सुरक्षेची माहिती ग्राहकाला सहज समजेल अशा भाषेत द्यावी लागते. ती भाषा कोणती, हे प्रत्येक देश ठरवतो. म्हणून एस्टोनियाच्या सुमारे १३ लाख लोकसंख्येसाठीही शेगडीची पुस्तिका एस्टोनियन भाषेत निघते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख आहेत. बाजारपेठ लहान आहे, असे कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही.

भारतात कायद्याने अर्धे अंतर कापले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा उत्पादनाबरोबर नसेल, तर निर्मात्यावर जबाबदारी येऊ शकते. ग्राहकाला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या सूचना पुरेशा कशा ठरतील? पण भाषेचा स्पष्ट उल्लेख तिथे नाही. वेष्टनावरच्या माहितीसाठी असलेले २०११ चे वैधमापनाचे नियम देवनागरीतली हिंदी किंवा इंग्रजी एवढ्यावर समाधान मानतात. इतर भाषा जोडायला मुभा आहे, सक्ती नाही. महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायद्यात बदल करून सगळ्या दुकानांच्या पाट्या मराठीत केल्या आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीचा आग्रह योग्यच होता. पण दुकानाचे नाव मराठीत वाचून आत गेलेला ग्राहक विजेवर चालणारी, हात भाजणारी वस्तू घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हातातली सुरक्षेची सूचना मराठीत नसते. मराठीची गरज तिथे पाटीपेक्षा जास्त आहे.

माहितीपत्रक कोणी वाचत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. साठ पानांचे, चार भाषांतले, मुंगीएवढ्या अक्षरातले पुस्तक कोणी वाचत नाही हे मान्य. म्हणूनच मागणी पुस्तकाची नाही, ओट्यामागच्या फरशीवर चिकटवता येईल अशा एका जाड कागदाची आहे. दुसरा आक्षेप असा, की आता क्यूआर कोड असतो, फोनवर चित्रफीत बघता येते. ती जरूर असावी. पण पाक सांडल्यावर हाताशी मिनिटभराचाही वेळ नसतो, तेव्हा फोन शोधून, जाहिरात संपायची वाट पाहून काही शिकता येत नाही. खर्चाचा आक्षेप टिकतच नाही. हजारो रुपयांच्या वस्तूच्या पेटीत एक छापील कागद आणि एक पात्याची खरवडणी घालायला लागणारी रक्कम नगण्य आहे. चिकटवलेल्या कागदावर नऊ-दहा गोष्टी पुरेत: पाक गरम असतानाच काढा, बाकी सगळे थंड झाल्यावर, तारेची घासणी आणि पावडर नको, बूड कोरडे आणि सपाट हवे, पातेले ओढू नका, पाणी ओतू नका, दिवा असेपर्यंत हात लावू नका, तडा गेला तर बटण बंद, दोन हजार वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, मोबाइलच्या चार्जरशेजारच्या एक्स्टेंशन बोर्डावर ती लावू नका.

कायदा बदलायला वेळ लागेल, पण काही कामे उद्यापासून होऊ शकतात. सरकारी योजनेतून दिल्या जाणाऱ्या शेगड्यांच्या निविदेत राज्याच्या भाषेतल्या कागदाची अट घालणे हा एका ओळीचा बदल आहे. महाराष्ट्रात घरकाम करणाऱ्यांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याणकारी मंडळ आहे. नव्या उपकरणांची तासाभराची प्रात्यक्षिके त्या मंडळाने वस्त्यांमध्ये घेतली, तर मावशींचे कौशल्य वाढेल आणि कौशल्याचा मोबदला मागायला त्यांना आधारही मिळेल. गृहनिर्माण संस्था आपल्या फलकावर हाच कागद लावू शकतात. महावितरणचे ग्राहक तीन कोटींच्या घरात आहेत आणि त्यांना येणारे वीजबिल मराठीत छापले जाते. विजेवरचा स्वयंपाक वाढला तर सगळ्यांत आधी फायदा होणार तो वीज विकणाऱ्याचा, तेव्हा शेगडीच्या या नऊ-दहा सूचना बिलाच्या मागे छापण्याची पहिली जबाबदारी महावितरणने घ्यावी, आणि मुंबईत बेस्टसह इतर वीजकंपन्यांनीही ती उचलावी.